लाल रंगाची साल

साठच्या दशकात रांचीच्या अवजड यंत्रांच्या कारखान्याला चेकोस्लोव्हाकियाचे साहाय्य होते आणि तिकडे प्रशिक्षणासाठी गेलेल्या अभियंत्यांमध्ये आमचे काकाही होते. परतताना त्यांनी प्रागमधून एक माणकासारखी लाल फुलदाणी आणली. तिच्यावर झाडीत उभे असलेले एक हरीण कोरलेले होते, आणि ती शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी आहे असे काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत तिच्या काठाचा टवका उडाला आणि आतून स्वच्छ, बिनरंगी काच दिसली. काकूंनी तत्काळ निकाल दिला, "वरून नुसता रंग फासलाय. फसवलं तुम्हाला त्यांनी." काकांनी टवक्याची बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली आणि त्यानंतर फुलदाणीच्या वयाचा विषय घरात निघाला नाही.

काकांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. तिच्या निमित्ताने मी बोहेमियाच्या, म्हणजे प्राग ज्या प्रदेशात आहे तिथल्या, काचेबद्दल मिळेल ते वाचू लागलो, तेव्हा काकूंचे निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष साफ चुकीचा होता हे ध्यानात आले. काच आरपार लाल करायची तर पूर्वी तिच्या रसात सोन्याचा अंश मिसळावा लागे, आणि तो खर्च सर्वांना झेपणारा नव्हता. उत्तर बोहेमियात, आज ज्याला नोव्ही बोर म्हणतात त्या गावाच्या परिसरात, फ्रीडरिख एगरमान (1777–1864) नावाचा एक खटपट्या कारागीर होता. त्याने आधी चांदीच्या साहाय्याने काचेवर पिवळा रंग चढवला, आणि मग 1832च्या सुमारास तांब्याच्या लेपातून लाल रंग साधला. हा लेप देऊन काच एकाहून अधिक वेळा भाजावी लागते, आणि तांबे काचेच्या पृष्ठभागात मुरते. तो काचेवर बसलेला थर नसून काचेचीच रंगलेली साल असते, त्यामुळे तो नखाने खरवडून निघत नाही. ही साल चाकावर घासून काढली की खालची बिनरंगी काच उघडी पडते आणि लाल पार्श्वभूमीवर पांढुरके चित्र उमटते. टवक्यातून काकूंना दिसला तो दगा नव्हता, ती या कलेची खूणच होती.

अशी वस्तू ओळखायची तर नजर रंग कुठे संपतो तिथे न्यावी. काठ उजेडाकडे धरला आणि लाल रेघ कागदाइतकी पातळ दिसली, तर तो तांब्याचा लेप. एका रंगाच्या काचेवर दुसऱ्या रंगाच्या काचेचा जाड थर चढवलेला असेल, तर कापलेल्या जागी बोटाला पायरी लागते. आरपार रंगलेल्या काचेत कितीही खोल कोरले तरी रंग सुटत नाही. हिरवट-पिवळ्या काचेसाठी नोटा तपासायचा जांभळा दिवा पुरतो. त्याच्या उजेडात युरेनियम घातलेली काच हिरवी झगमगते. योसेफ रीडेल या कारखानदाराने अशा दोन रंगांना आपल्या पत्नीचे, आनाचे, नाव दिले होते.

परंतु खरा वेळ द्यावा तो हरणाला. भिंगातून पाहिले तर त्याच्या पाठीवरचा प्रत्येक केस हा स्वतंत्र, बारीक ओरखडा आहे. मानेशी ओरखडे दाट होतात, पोटाखाली विरळ होत जातात, आणि डोळा म्हणून एक इवलासा ठिपका पुन्हा झिलई देऊन चकचकीत केलेला आहे. कोरणारा तेल आणि कुरुंदाची पूड लावलेले तांब्याचे लहान चाक फिरते ठेवतो आणि काच खालून वर त्याच्यावर टेकवतो, म्हणजे ज्या बिंदूवर काम चालू असते नेमका तोच चाकाआड झाकलेला असतो. आम्लाने कोरलेल्या चित्राला असे केस नसतात. ते सगळीकडे सारखेच धुरकट असते. बोहेमियाची काच या कामाला सोसली, कारण तिथल्या अरण्यांतील लाकडाच्या राखेतून मिळणाऱ्या पोटॅशमुळे ती व्हेनिसच्या सोड्याच्या काचेपेक्षा कठीण होई. प्रागच्या राजदरबारातील रत्ने कोरणारा कास्पार लेमान याला 1609 साली काचेवर कोरण्याचा खास परवाना मिळाला होता, आणि तेव्हापासून हे चाक थांबलेले नाही.

चाक थांबलेले नाही, हीच वय ठरवताना अडचण होते. लाल काचेवरची हरणे आणि किल्ले विसाव्या शतकातही भरपूर घडवले गेले, आणि आमच्या फुलदाणीच्या बुडावर सहीही नाही, झीजही नाही. अर्थात बुडाची झीज वापराची साक्ष देते, वयाची नव्हे. साठ वर्षे शोकेसमध्ये उभ्या राहिलेल्या वस्तूला ओरखडे कुठून पडणार? तरीही घोटाई इतकी एकसारखी आहे, की काकांचा सव्वाशे वर्षांचा दावा मी मनोमन सोडून दिला आहे. सहीची वाट पाहण्यातही अर्थ नाही, कारण बोहेमियातील बहुतांश जुना माल बिनसहीचा आहे, आणि म्हणूनच मोरपिसासारखी झळाळणारी कुठलीही काच विक्रेते बेधडक तिथल्या नामांकित लोएट्झ कारखान्याच्या नावावर खपवतात.

मुंबईच्या चोर बाजारात मला नंतर एक लहान लाल पेला मिळाला. दुकानदार त्याला "बेल्जियम" म्हणत होता. पैलू पाडलेली प्रत्येक काच तिथे बेल्जियमचीच असते. पेल्यावर कार्लोव्ही वारी या उष्ण झऱ्यांच्या गावाचे जुने जर्मन नाव कोरलेले आहे. तिथे पाणी प्यायला येणारी मंडळी असे पेले आठवण म्हणून नेत. याच्या बुडाच्या कडेवर सर्व दिशांनी गेलेले बारीक ओरखडे आहेत, काठावरची लाली ओठांच्या जागी किंचित फिकी आहे, आणि आतला तळ भिंगासारखा दिसावा असा घासलेला आहे. सकाळी खिडकीतून ऊन आले की पेला आणि फुलदाणी दोन्ही टेबलावर तांबडे कवडसे टाकतात, आणि त्या कवडशांवरून कोणती जुनी हे मला अद्याप सांगता आलेले नाही.

टवक्याची बाजू मी आता पुढे ठेवतो आणि पाहुण्याला आधी तीच दाखवतो. मध्यंतरी काकू आल्या होत्या. मी त्यांना तांबे, भट्टी, एगरमान सगळे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, चष्मा वर करून टवक्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "म्हणजे वरूनच दिलाय ना रंग?"