भोसरीची शेड, कार्ब्युरेटर ते लाँच कंट्रोल : आमची वाटचाल

भोसरीच्या शेडमध्ये वडील कार्ब्युरेटर खोलायचे. मारुती ८०० आणि पद्मिनीच्या जेटवर आमचं घर चाललं. मी तिथेच इंजिनाचा संगणक जुळवायला लॅपटॉप घेऊन बसलो, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बॉनेट न उघडता गाडी दुरुस्त होते म्हणे!"

चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन (बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बाइन फिरवून आत जादा हवा कोंबणारं), १०५ पीएस म्हणजे अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रिमॅपचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम (मॅप) बदलण्याचं काम खऱ्या अर्थाने तिथून वाढलं. पोरं यायची, पण पॉवर किती वाढेल हे नंतर. आधी विचारायची, "दादा, फटाके पडतील ना?"

सायलेन्सरमधून फुटणारे हे फटाके म्हणजे अँटी-लॅग (पाय काढला तरी टर्बो फिरता ठेवायची युक्ती) नव्हे, हे समजावण्यात आमचा निम्मा दिवस जातो. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर थोडं पेट्रोल सोडून आणि स्पार्क उशिरा देऊन नुसता आवाज काढता येतो. खऱ्या अँटी-लॅगमध्ये पाय काढला तरी हवेची वाट थोडी उघडी ठेवतात आणि पिस्टन खाली निघाल्यावर खूप उशिरा स्पार्क देतात. मग जाळ सिलिंडरमध्ये न संपता धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांत, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये जातो आणि टर्बाइन फिरत राहतं. वळणातून बाहेर पडताना बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, तयार. रॅलीत याला तोड नाही. टोयोटाने १९९४ च्या सेलिका जीटी-फोरच्या, रॅलीत उतरायची मान्यता मिळावी म्हणून बनवलेल्या २,५०० गाड्यांत याचे पाइप बसवूनच दिले होते, पण रस्त्यासाठी यंत्रणा बंद ठेवून. कंपनीला कळतं ते आपल्या गल्लीतल्या ट्यूनरला कळायला हरकत नाही.

दुसऱ्या गॅरेजात अँटी-लॅगचा मॅप टाकून आलेली एक गाडी आठवते. धूर स्वच्छ करणारा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) खाली काढला, तर आतली जाळी वितळून गोळा झालेली. टर्बाइनच्या पात्यांच्या कडा कुरतडलेल्या. तेव्हापासून टर्बोच्या आधी तापमानाचा प्रोब बसवल्याशिवाय असं काम आम्ही हातात घेत नाही. अँटी-लॅग चालू केलं की आकडा १,००० अंशांच्या वर जातो, आणि लॅपटॉपवर तो चढताना पाहिल्यावर बरीच मंडळी स्वतःच म्हणतात, "राहू दे."

उभी गाडी झटक्यात सोडायच्या लाँच कंट्रोलला मात्र आम्ही कधी नाक मुरडलं नाही. मॅन्युअल गाडीत क्लच दाबलेला असताना इंजिनाच्या ठरलेल्या फेऱ्यांना (आरपीएम) इग्निशन, म्हणजे स्पार्क, कट होतं, थोडा बूस्ट साठतो आणि प्रत्येक सुटका सारखी होते. पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत ४,००० वर सोडलं तर नुसता धूर. त्यामुळे आरपीएम खाली ठेवतो आणि पहिल्या गिअरचा बूस्टही कापतो. ड्राय (तेलात न बुडालेल्या) क्लचचा सात-गिअर डीएसजी असेल तर आणखी जपून. तो गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी बनलेला, आणि क्लच पॅकचं बिल गिऱ्हाइकाला दाखवूनच पुढे जातो. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या व्हॅली रन या सरळ रेषेतल्या शर्यतीला आमच्या गाड्या जातात त्या याच कामावर. तिथे पाव मैलाला किती वेळ लागला ते टायमिंग स्लिपवर छापून मिळतं, बढाया चालत नाहीत.

जानेवारी २०१९ मध्ये गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आणि लॉकडाउन एकदमच. पुष्कळ गिऱ्हाइकं गळाली. बायकोने हिशेब हातात घेतला, उधारी बंद केली आणि रोड गाड्यांची अँटी-लॅगची कामंही बंद करायला लावली. मला ते जड गेलं, पण पटलं. पुढे पुण्यात जादा बूस्ट सोसणारं १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळू लागलं आणि ट्रॅकवाल्यांची कामं वाढली.

आता अँटी-लॅग फक्त ट्रेलरवर येणाऱ्या स्पर्धेच्या गाड्यांना. अर्जावर आधीच लिहून घेतो : टर्बो, मॅनिफोल्ड आणि सेन्सर हा चालू खर्च धरावा, वॉरंटी नाही. सही झाल्याशिवाय लॅपटॉप जोडत नाही.