तुम्ही विचारलेत म्हणून : माझ्या नारूवर मंत्र का चालत नाही?

मी चालवतो त्या खेळाच्या कथेत एक बारव आहे, आणि तिच्या पाण्यातून पात्रांना नारू हा कृमी होतो. नव्या खेळाडूंपैकी कोणीतरी हा प्रश्न विचारतेच, आणि बहुधा तक्रारीच्या सुरात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत कथा रचायच्या खेळाच्या 2014 च्या नियमांत ‘लेसर रिस्टोरेशन’ या मंत्राने रोग जागच्या जागी बरा होतो, पॅलाडिन या पवित्र योद्ध्याच्या हस्तस्पर्शानेही होतो. मग तुमच्या बारवेतल्या कृमीलाच तो का लागू पडू नये, हा अन्याय नाही का?

लागू पडत नाही, कारण खऱ्या नारूवर कधी औषधच निघाले नाही. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या इवल्याशा, एका डोळ्याच्या जिवासोबत त्याच्या अळ्या पोटात जातात, वर्षभर काहीच कळत नाही, आणि मग पायावर फोड येऊन त्यातून कधीकधी मीटरभर लांबीची मादी बाहेर पडू लागते. आग सोसवत नाही म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि तेव्हाच ती हजारो अळ्या पाण्यात सोडते. रोग्याचा आराम हाच रोगाचा प्रसार ठरावा, याहून भयंकर राक्षस मला रचता आला नसता. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘छोटा ड्रॅगन’ आहेच. माझ्या आजोबांच्या घोट्यावर त्याचा व्रण होता. काडीला गुंडाळत रोज दोन बोटे बाहेर काढलेला नारू त्यांनी मला हाताने दाखवला होता. म्हणून माझ्या नारूला हिट पॉइंट, म्हणजे वार करून संपवता येतील असे प्राणांचे आकडे, नाहीत. दिवसाला काडीचा एक वेढा द्यायचा; घाई केली तर तो तुटतो आणि पाय सडू लागतो.

आता ती संध्याकाळ सांगतो. मी टेबलावर खरी काडी ठेवली होती आणि तिला लाल दोरा गुंडाळत होतो. नारू झाला होता तो एका खेळाडू मुलीच्या क्लेरिकला, म्हणजे मंत्राने इतरांना बरे करणाऱ्या तिच्या पात्राला. चौथ्या सेशनला दुसऱ्या एकाचा धीर सुटला. ‘मी ओढतो,’ म्हणत त्याने वीस बाजूंचा फासा टाकला आणि तीन पडले. मी दोरा तोडला. मग सूज, पू, ताप यांचे वर्णन केले, आणि ते चांगले जमते आहे याचा मला अभिमान वाटत होता. क्लेरिक खेळणारी ती दोऱ्याच्या तुटलेल्या टोकाकडे पाहत होती. ‘माझा मंत्र शिल्लक आहे, टाकू?’ तिने विचारले. मी म्हणालो, ‘चालणार नाही.’ तिने एकेक फासा पिशवीत भरला आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी फोनवर एवढेच म्हणाली, ‘वर्षभर मी दवाखान्यातच होते. आजार मंत्राने जातो अशी माझ्याकडे ही एकच जागा होती.’

मला हे ठाऊक नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

तेव्हाचा मी असा वाद घालत असे, आणि आजही तो मला खोडता येत नाही, की भारताने नारू औषधाविना आणि लसीविना घालवला. पाणी कपड्याने गाळून, पायऱ्यांच्या विहिरींत उतरणे बंद करून. शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये देश नारूमुक्त ठरला. खेळाडूंनी बारव राखावी, गावाला पाणी गाळायला शिकवावे, तलवारीने जमत नाही ते कपड्याने करावे, हीच गोष्ट मला सांगायची होती. परंतु त्या संध्याकाळी मी कपडा दाखवलाच नाही, तुटणेच दाखवले. शिवाय कपडा वाचवतो तो पुढच्या माणसाला. ज्याच्या पायात नारू आधीच आहे, त्याला त्याचा काय उपयोग? ती नेमकी त्या जागी बसलेली होती.

आता पहिल्या सेशनपूर्वी मी प्रत्येकाला विचारतो, आणि एकानेही नको म्हटले तर त्या खेळात बारव कोरडी असते. मंत्र मात्र अजून दिलेला नाही. ‘वेदना थांबते, कृमी राहतो’ असा नियम मी दोनदा पेन्सिलीने लिहिला आणि दोनदा खोडला. एकदा तो भित्रेपणा वाटला, एकदा फसवणूक.

येत्या शनिवारपासून ती पुन्हा खेळायला येणार आहे, पुन्हा क्लेरिकच. बारव आहे का, असे तिने विचारले. आहे, असे मी कळवले. त्यावर तिने ‘असू दे’ एवढेच लिहिले. काडी टेबलावर ठेवावी की नाही, हे माझे अजून ठरलेले नाही.