निळ्या झाकणाची नळी

ठाण्यात नौपाड्यापासून चेंदणी कोळीवाड्यापर्यंत मी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. साखर, थायरॉइड हे रोजचंच. पण ज्या घरी आयएनआर असतो, म्हणजे रक्त पातळ करायची जुनी गोळी घेणाऱ्याचं रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहायची तपासणी, तिथे मी थोडी जास्त थांबते, कारण तिथे एक प्रश्न हमखास येतो. "ताई, शेजारच्या काकांना रक्त पातळ करायची नवी गोळी दिलीय. त्यांना ना सुई, ना तपासणी. मग आमच्याच मागे हे का?"

कोळीवाड्यातल्या एका मावशींच्या मुलाने हेच विचारलं. मावशींना लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला होता. त्यात हृदयाची झडप अरुंद झाली, आता ठोकेही अनियमित पडतात. अशा हृदयात रक्त साकळतं आणि गुठळी सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. शेजारच्या काकांचे ठोके बिघडलेत, पण झडप धड आहे. त्यांना नवी गोळी योग्यच.

मावशींसारख्यांसाठी 'इन्व्हिक्टस' नावाचा मोठा अभ्यास झाला. २४ देशांतले साडेचार हजारांवर रुग्ण. काहींना नवी रिव्हॅरोक्सबॅन, काहींना वॉरफरिनच्या जातीची जुनी गोळी. नवी निदान जुन्याच्या तोडीची ठरेल अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये निकाल आला तो उलटा. जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी, आणि रक्तस्रावही जास्त नाही. यांत्रिक झडप बसवलेल्यांवरचा डॅबिगॅट्रान या दुसऱ्या नव्या गोळीचा अभ्यास तर मध्येच थांबवावा लागला होता. गुठळ्याही वाढल्या, रक्तस्रावही.

म्हणून ही सुई. आणि म्हणूनच मी नळीच्या बाबतीत हट्टी आहे. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट आधीच असतं, एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त हवं. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं, रक्त गोठायला उशीर लागतो आणि आयएनआर खोटा वाढून येतो. दोन ते तीनच्या मधे असलेला माणूस कागदावर साडेतीनला जातो. डॉक्टर गोळी कमी करतात, आणि गुठळीला वाट मोकळी. शीर बारीक असेल, रक्त थेंबथेंब येत असेल, तरी खुणेपर्यंत आलं नाही तर मी दुसऱ्या हाताला टोचते. नातेवाईक कुरकुरतात. कुरकुरू देत.

वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आलं, हे खरं आहे. १९५४ पासून ते माणसांचंही औषध आहे, हेही तितकंच खरं. पहिलं अर्धं वाक्य मोबाइलवर वाचून कुणी गोळी सोडली की माझ्या पोटात गोळा येतो.

मावशींनी पालेभाजी पार बंद केली होती. तसं करायची गरज नाही. मेथी-पालकात के जीवनसत्त्व असतं, ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. पण डॉक्टर डोस बसवतात तो तुमच्या नेहमीच्या जेवणावरच. जांभळी नाक्यावर जुड्या स्वस्त झाल्या म्हणून आठवडाभर मेथीच मेथी, आणि पुढे महिनाभर नाव नाही, असं मात्र नको. आणि दात काढायचा असो की अंगदुखीची साधी गोळी, समोरच्या डॉक्टरला आधी सांगा की रक्त पातळ करायचं औषध चालू आहे.