तुम्ही विचारलंत म्हणून : अलंकारांच्या व्याख्या मी पाठ का करून घेत नाही

दर पालकसभेत हा प्रश्न येतो, आणि आता नव्याने लागलेले शिक्षकही विचारतात : "बाई, अलंकारांच्या व्याख्या तुम्ही पाठ का करून घेत नाही? हमखास मिळणारे मार्क आहेत ते." आजवर मी वेळ मारून नेली. आज सांगते.

व्याख्यांशी माझं वैर नाही. उपमेय (ज्याला उपमा द्यायची ते), उपमान (ज्याची उपमा द्यायची ते), साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण) आणि साधर्म्य दाखवणारा शब्द ही उपमेची चार अंगं माझ्या वर्गात प्रत्येकाला कळलीच पाहिजेत. पण नुसतं पाठ केलं की मुलं शब्द हेरायला लागतात. 'सारखा' दिसला की उपमा, 'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा. एकदा मी फळ्यावर लिहिलं, 'पाऊस सारखा पडतोय.' निम्मा वर्ग 'उपमा' म्हणून ओरडला. पाऊस कशासारखा, विचारल्यावर सगळे गप्प.

हे कारण मी सगळ्यांना देते. दुसरं कारण १९९८ सालचं आहे.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात नववीला शिकवत होते. वर्गातली निम्मी मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली. चाचणीत प्रश्न होता : उपमा अलंकाराची व्याख्या लिहून उदाहरण द्या. गुण दोन. एका मुलीने व्याख्या अर्धवट लिहिली होती आणि खाली उदाहरण, 'माझ्या आईचे हात पाचटासारखे आहेत.' मी लाल पेनाने त्याभोवती गोल केला, 'उपमान अयोग्य' असं लिहिलं आणि शून्य दिलं. तेवढ्यावर थांबले नाही. पेपर वाटताना ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचलं. मुलं हसली. आईच्या हातांना कमळ म्हणावं, उसाचा वाळका पाला काय म्हणतेस, असं मी तिला विचारलं.

ती उभी राहिली. म्हणाली, "पाचट कापतंय बाई. आईनं गालावरून हात फिरवला की ओरखडा उठतोय."

मी म्हणाले, "खाली बस."

साधारण धर्म तिने मला एका वाक्यात सांगितला होता. तो मला ऐकू आला नाही.

तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते. म्हणते, परीक्षेत तपासणारा दुसराच कुणीतरी असतो, पोरीला मार्क मिळायला हवे होते, मी तिच्या भल्याचंच पाहिलं. शिवाय जुन्या काव्यशास्त्रात उपमान हीन असणं हा उपमेचा दोष सांगितला आहे, ते मी एम. ए.ला शिकले होते. हे खरं आहे. पण जाणकाराला खटकत नसेल तर हीनता हा दोष ठरत नाही, असं त्याच शास्त्रातल्या दंडी या संस्कृत आचार्याने 'काव्यादर्शा'त म्हटलंय, आणि तेही मी वाचलेलं होतं. शाळेत जाऊन न शिकलेल्या बहिणाबाईंनी संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली, तिचं मी वर्गात तोंडभरून कौतुक करत असे. छापलेला तवा चालला, समोरच्या पोरीचं पाचट चाललं नाही.

सहामाहीत तिने लिहिलं, 'मुख चंद्रासारखे सुंदर आहे.' व्याख्या शब्दन् शब्द बरोबर. मी दोनपैकी दोन दिले आणि बाजूला 'छान' लिहिलं. तो 'छान' मला त्या शून्यापेक्षा जास्त टोचतो.

दिवाळीनंतर टोळी निघाली, तीही गेली. पुन्हा शाळेत आली नाही. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती, म्हणून गेली. माझ्या शेऱ्यामुळे नाही. असं मी स्वतःला सांगते आणि ते बहुधा खरंही आहे.

तेव्हापासून मी तिचं वाक्य फळ्यावर लिहून फिरवते. आईचे हात पाचटासारखे खरखरीत, ही उपमा. हात जणू पाचटच, ही उत्प्रेक्षा. हात नव्हेत हे, पाचट आहे, अपन्हुती. पाचटाहूनही खरखरीत, व्यतिरेक. आणि आईचे हात आईच्या हातांसारखेच, अनन्वय. एका हातावर पाच अलंकार होतात आणि मुलं ते वर्षभर विसरत नाहीत. कुणाचं वाक्य आहे ते मात्र मी सांगत नाही.

मार्क जातात, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. एका मुलाचा दीड गुण गेला तेव्हा त्याच्या वडिलांना मी काहीच उत्तर देऊ शकले नाही.

परवाच्या चाचणीत एकाने लिहिलंय, 'बोअरचं पाणी संपत आल्यावर मोटार जशी हवा ओढते, तसा आजोबा श्वास घेतात.' व्याख्येची जागा कोरी आहे. पेपर अजून माझ्या टेबलावरच आहे. दोनपैकी किती द्यायचे, ते ठरत नाही.