चौकोनी कंसात काय टाकायचं आणि काय नाही
आमच्या महापेच्या ऑफिसात अजूनही पॅच, म्हणजे कोडमधला बदल लिहिलेला मजकूर, मेलवर फिरतात, क्लायंटचा सर्व्हर बाहेरून उघडतच नाही ना, आणि मला ही पद्धत मनापासून आवडते, एकेक बदल नीट वाचून होतो. फक्त सब्जेक्ट लाइन लोक फारच हलक्यात घेतात.

गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर, त्यातलं पॅचचा मेल तयार करणारं गिट फॉरमॅट-पॅच सब्जेक्टच्या आधी चौकोनी कंसात पॅच (PATCH) लिहितं, ओळीने अनेक पॅचची सिरीज असेल तर 3/7 असा नंबर, सुधारून पुन्हा पाठवताना डॅश व्ही2 दिलं की तेही त्यात येतं. हे सगळं मेल वाचणाऱ्यासाठी. पलीकडे मेलमधला पॅच कोडला लावणारं गिट एएम चालवलं की कंस गळतो आणि कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीत, नुसतं खरं वाक्य उरतं.

पण गिट एएम फक्त पॅचचाच कंस काढत नाही, सुरुवातीचे झाडून सगळे कंस काढतं! आमच्या एका टीमने कमिटलाच [ठाणे], [वाशी] असे टॅग लावलेले, कुठल्या डेपोचं काम ते कळावं म्हणून, आणि मेलवरून लागल्यावर एकही टॅग शिल्लक नाही. "अगं, ठाण्याचं काही सापडतच नाहीये लॉगमध्ये" म्हणून शेजारची वैतागली तेव्हा कुठे उलगडा झाला. उपाय सोपाय, गिट एएमला डॅश-डॅश कीप-नॉन-पॅच (--keep-non-patch) द्यायचं, मग ज्या कंसात कॅपिटल अक्षरांत पॅच आहे तेवढाच जातो. डॅश के मात्र जपून वापरा, ते काहीच काढत नाही, 3/7 सकट सगळं हिस्ट्रीत जाऊन बसतं.

आणि कृपा करून पॅच फॉरवर्ड करू नका. पुढचं "आरई:" गिट काढतं पण "एफडब्ल्यूडी:" नाही, आणि त्यावर अडलं की मागचा कंसही तसाच राहतो.

माझं स्पष्ट मत, कायम राहायला हवं ते कंसाबाहेर कोलन देऊन लिहा, "ठाणे: पावतीची तारीख दुरुस्त" असं. लिनक्स कर्नलवालेही हेच करतात, सबसिस्टिमचं, म्हणजे कर्नलच्या त्या भागाचं, नाव कोलन लावून बाहेर, आणि "पॅच नेट-नेक्स्ट" असं, म्हणजे कोडच्या कुठल्या प्रतीसाठी (ट्रीसाठी) आहे वगैरे ते कंसात, कारण ते लागून झाल्यावर कुणाला नको असतं. व्ही2 मध्ये काय बदललं तेही कमिट मेसेजमध्ये नको, तीन डॅशच्या ओळीखाली टाका, गिट एएम ते आपोआप सोडून देतं. प्रोजेक्टचं नाव प्रिफिक्समध्ये, म्हणजे त्या सुरुवातीच्या कंसात, हवंच असेल तर गिटचं फॉरमॅट डॉट सब्जेक्टप्रिफिक्स हे सेटिंग एकदा सेट करून टाका, पण त्यात पॅच हा शब्द ठेवा, नाहीतर कीप-नॉन-पॅच वापरणाऱ्याकडे तो कंस तसाच चिकटून राहील.