आधी मागचे पाय

शनिवार, रात्र

आज मैदानावर माझ्या कुत्रीकडून, ताराकडून, हेल्परला, म्हणजे हल्लेखोराची भूमिका करणाऱ्या माणसाला, बाजूने नेण्याचा भाग करून घेतला. आयजीपी या कुत्र्यांच्या खेळातल्या संरक्षणाच्या परीक्षेत शेवटी हेल्परच्या हातातली गादीची काठी काढून घ्यायची आणि त्याला परीक्षकापर्यंत सुमारे २० पावले चालवत न्यायचे असते. मी त्याच्या उजव्या बाजूला आणि तारा आम्हा दोघांच्या मध्ये. क्षणापूर्वी ज्याच्या हातावरच्या जाड संरक्षक बाहीला ती दातांनी लोंबकळत होती, तोच माणूस आता तिच्या खांद्याला खांदा लावून चालत असतो. तिने त्याला ढुशी मारायची नाही, त्याच्यावर उडी घ्यायची नाही आणि तिचा खांदा माझ्या डाव्या गुडघ्याच्या रेषेतून पुढे जाऊ द्यायचा नाही. कडेला उभ्या असलेल्यांना यात काही घडताना दिसत नाही; मला मात्र सगळ्या खेळातला हाच भाग सर्वांत अवघड वाटतो.

सांगलीहून भाऊ व्हिडिओ मागतो तो चाव्याचाच. त्याला दोष कसा द्यावा? पण इथे, श्टुटगार्टजवळच्या आमच्या क्लबमध्ये, परीक्षकाची नजर दातांइतकीच पायांवर असते. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ यांच्या पुढाकाराने जर्मन शेफर्डची संघटना उभी राहिली आणि दोनच वर्षांनी, १९०१ मध्ये, या खेळाची पहिली परीक्षा झाली. प्रजननासाठी निवडायचे कुत्रे हिमतीचे आहे का आणि त्या हिमतीतही ते माणसाचे ऐकते का, हे त्यातून पाहायचे होते. २०१९ पासून हा खेळ आयजीपी या नावाने ओळखला जातो. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण अशा तीन भागांना प्रत्येकी १०० गुण असतात. कुत्र्याने नेमके कुठे आणि कसे असावे, हा प्रश्न मात्र तिन्ही भागांत येतोच.

ताराला माझ्या डाव्या गुडघ्याशी असलेली ही जागा मी गॅरेजमध्ये, आईने दिलेल्या शिसवी पाटावर शिकवली. पुढचे दोन्ही पंजे पाटावर ठेवायचे आणि मागचे पाय जमिनीवर. मग मी डावीकडे किंचित वळले की तिने मागचा भाग फिरवून पुन्हा माझ्या पायाशी लागायचे. ऐकायला सोपे आहे, पण आपल्याला मागेही दोन पाय आहेत, याचा बहुतेक कुत्र्यांना पत्ताच नसतो. सुरुवातीला तारा नुसती मान वळवून खाऊ शोधत असे आणि तिचे मागचे पाय जिथल्या तिथे राहत. एका संध्याकाळी एक मागचा पाय दुसऱ्यावरून अलगद पलीकडे पडला, मी लगेच ‘बरोबर केलेस’ असे सांगणारा खुणेचा शब्द उच्चारला, आणि तेव्हापासून त्या पायांना काम कळले. आईने हे सारे फोनवर पाहिले आणि म्हणाली, “अगं, त्या पाटावर तुझे आजोबा जेवायला बसायचे!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

बसणे, आडवे होणे आणि उभे राहणे यांतही मला हेच शोधायचे असते. बसताना मागचा भाग पुढच्या पंजांकडे ओढला गेला पाहिजे. पुढचे पंजे मागे सरकले, तर कुत्रे हळूहळू माझ्यापासून निसटते. आडवे होताना तिने एकदम घडी घालावी, आधी बसून मग पसरू नये. उभे राहताना पुढचे पंजे रोवलेले असावेत आणि मागचे पाय मागे जावेत. खाऊ कुठून मिळतो, यावरही बरेच अवलंबून असते. माझ्या उजव्या हातातून घास मिळू लागला की ती गुडघ्यापुढे वळून येते आणि तिचे कंबरडे बाहेर जाते. म्हणून घास डाव्या हाताने, पँटच्या शिवणीला लागूनच द्यायचा.

ही सगळी तयारी हेल्परसमोर टिकेल की नाही, हा प्रश्न वेगळाच आहे. पूर्वी अशा वेळी काट्यांच्या गळपट्ट्याला हिसका देत असत. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत प्रशिक्षणात त्याचा वापर करायला बंदी आहे, आणि तेव्हा जुन्या सभासदांची कुरकूर मी पुष्कळ ऐकली. माझे मत सरळ आहे: ज्या कुत्र्याला जागा कळलेली नाही, त्याला हिसक्याने फक्त मान आखडायला शिकवता येते. तारा पुढे सरली की आमचा हेल्पर खांबासारखा स्तब्ध उभा राहतो. तिचा खांदा गुडघ्याशी परत आला की मी खुणेचा शब्द उच्चारते आणि तत्क्षणी बाही तिच्याकडे येते. चावा हेच जागेचे बक्षीस झाल्यामुळे ती जागा आता स्वतःहून शोधू लागली आहे.

आज पहिल्या फेरीत ती अर्धे डोके पुढेच होती आणि कान हेल्परकडे वळलेले होते. आम्ही तिघेही थांबलो. जरा वेळाने तिने माझ्याकडे पाहिले आणि डावा मागचा पाय बाहेरून आत घेऊन अंग सरळ केले. बाही मिळाली. नंतरच्या फेरीत ती शेवटपर्यंत सरळ चालली, मात्र परीक्षकाच्या जागी पोहोचल्यावर तिरकी बसली.

धावता धावता आज्ञेवर जागीच उभे राहणे अजून कच्चे आहे. आज्ञेनंतरही ती एखाददुसरे पाऊल टाकतेच. ते काम गॅरेजमध्ये, आधी चालत्या गतीत पक्के करायचे, आणि तोवर हेल्परकडे जायचे ते फक्त बाजूने नेण्याच्या सरावासाठी.