हापूसची छाटणी, बारावा महिना: भिरूड लागला, आणि एक हाती आला

मंडळी, आधी वाईट बातमी. हापूसला भिरूड, म्हणजे लाकूड आतून पोखरणारी भुंगेऱ्याची अळी, लागलाय. तोही पूर्वेच्या फांदीला, म्हणजे कापताना जिची साल सोलली गेली होती आणि जिच्याबद्दल मी तेव्हा लिहिलं होतं की भरून येईल, त्याच फांदीला.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात झाडू मारत होतो तर बुंध्याशी ओंजळभर भुसा दिसला. आधी वाटलं मुंग्या किंवा वाळवी असेल, पण हातात घेतला तर करवतीच्या भुशासारखा बारीक नव्हता, चांगली लांब लांब तुसं होती त्यात, नारळाच्या काथ्याचे तुकडे केल्यासारखी, आणि ओलसर. वर बघितलं तर पूर्वेच्या फांदीवरचे तीन फुटवे मान टाकून उभे होते, पानं हिरवीच पण मलूल झालेली. दोन दिवसांत ती तपकिरी झाली आणि गळलीही नाहीत, तशीच लटकून राहिली. हापूस करणाऱ्या सगळ्यांना हे चित्र माहीत आहे. मी पायरीवर बसलो आणि दहा मिनिटं काही सुचलंच नाही.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, आमचं घर चिपळूणला, मागच्या अंगणात आजोबांनी लावलेलं कलम, वय चाळीसच्या आसपास. वाढून वाढून चाळीस फूट झालं होतं, आत गुडुप अंधार, आंबे फक्त शेंड्याला आणि ते सगळे वानरांचे. गेल्या ऑक्टोबरात पाऊस थांबल्यावर बारा-तेरा फुटांवर उतरवलं, पाच मुख्य फांद्या ठेवल्या, त्यातल्या चार कापल्या आणि नैऋत्येची एक पानांसकट तशीच ठेवली, कारण खोडावर दुपारचं ऊन एकदम पडलं की साल भाजते. (नगरपालिका-महापालिका हद्दीत असाल तर १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू होतो, आधी अर्ज करा मगच करवत काढा.) आई त्या दिवशी मागच्या दारात आलीच नाही. डिसेंबरात धुमारे फुटले तेव्हा मात्र रोज सकाळी चहा घेऊन तीच आधी बघायला जायची.

आता ती पूर्वेची फांदी. चेनसॉवाला माणूस लावला होता, त्याला तीन वेळा सांगितलं होतं की आधी खालून एक तृतीयांश काप घे, मग वीतभर पुढे वरून काप, वजन खाली गेलं की उरलेला खुंट गाठीच्या (फांदीच्या बुडाशी असतो तो फुगवटा) बाहेरून साफ कर. पहिल्या तीन फांद्या त्याने तशाच केल्या. चौथीला जेवायची वेळ झाली होती, त्याने थेट वरून मशीन घातलं, फांदी अर्ध्यात असताना स्वतःच्या वजनाने मोडली आणि जाताना खालची साल सोलून घेऊन गेली, कोपरापासून मनगटापर्यंत असते तेवढी लांब पट्टी. मी पट्टीच्या कडा धारदार चाकूने नीट केल्या, बोर्डो पेस्ट लावली आणि पुढे निघालो.

बोर्डो पेस्ट म्हणजे आपली नेहमीचीच, मोरचूद (कॉपर सल्फेट) एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर, दोन्ही वेगळे प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून मग एकत्र, आणि लोखंडी पातं मिनिटभर बुडवून बघायचं, तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, अजून घाला. (घरगुती झाडाला याच्या दहाव्या हिश्श्यात पण भागतं.) मागे इथे जखमेला काही लावावं की नाही यावर बरंच बोलून झालंय. अमेरिकेतले वृक्षतज्ज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरत नाही, ते कुजका भाग आतून भिंती घालून बंद करतं, आणि वरून फासलेल्या रंगाने कुजणं थांबत नाही. ते मला पूर्ण पटतं, म्हणूनच मी काप गाठीला धरून घेतो, सपाट नाही आणि खुंट ठेवूनही नाही. पण कोकणात आपण पेस्ट लावतो ती नुसती कुजण्यासाठी नाही, उघड्या सालीवर बुरशी बसू नये आणि भुंगेऱ्याने अंडी घालायला तिथे बूड टेकू नये म्हणून लावतो.

आणि इथेच मी चुकलो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, ऑक्टोबरात लावलेली पेस्ट जूनपर्यंत टिकली असेल नसेल, पहिल्या पंधरा दिवसांत उरलेली धुऊन गेली असणार. मी मे महिन्यात दुसरा हात द्यायला हवा होता. पालवी इतकी जोरात होती की मान वर करूनच बघत राहिलो, खोडाकडे बघितलंच नाही. भिरूडाचा तो राखाडी, लांब मिशांचा भुंगेरा बाहेर पडतो नेमका पावसाच्या तोंडाला, आणि मादी अंडी घालते सालीच्या भेगेत, जखमेच्या कडेला. माझ्या झाडावर तिला आयती कोपरभर भेग मिळाली.

सोमवार ते गुरुवार रोज संध्याकाळी एकच काम, छिद्र शोधणं. भुसा बुंध्याशी पडत होता म्हणून मी दोन दिवस बुंधाच चाचपत बसलो, सालीवर टिचक्या मारून पोकळ आवाज येतोय का ते ऐकत. काहीच नाही. मग लक्षात आलं की भुसा वरून पडून खोडाच्या खोबणीतून घसरत खाली येतोय. बुधवारी सकाळी झाडाखालचं सगळं झाडून घेतलं, खोडाभोवती जुनी पांढरी चादर पसरली आणि संध्याकाळी बघितलं, ताजा भुसा चादरीवर नेमका कुठल्या बाजूला पडलाय. बरोब्बर पूर्वेच्या फांदीच्या खाली, ओळीत. शिडी लावली, सोललेल्या पट्टीच्या कडेचा डिंक खरवडला आणि खाली छिद्र, करंगळी जाईल एवढं, कडेला ओली तुसं. त्याच्या वर वीतभर अंतरावर दुसरं.

रात्री अकराला, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक सालीवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवली. कर्र, कर्र, थांबून परत कर्र. वाळलेली पोळी कुणी सावकाश चावावी तसा आवाज. अंगावर काटा आला खरं सांगतो, पण तेवढाच आनंदही झाला, कारण आता तो आहे, जिवंत आहे आणि कुठे आहे ते कळलं होतं.

हत्यार म्हणून सायकलचा स्पोक. टोक पक्कडीने वाकवून छोटा आकडा केला, कानसने धार दिली. अळी वरच्या दिशेने पोखरत जाते, म्हणून खालच्या छिद्रातून स्पोक वर सारायचा, मऊ काही लागलं की फिरवायचं आणि हळू ओढायचं. पहिल्या चार वेळा नुसता भुसा. पाचव्या वेळी स्पोक जवळजवळ सगळा आत गेला आणि ओढताना जड लागला. आली बाहेर, हस्तिदंती पांढरी, माझ्या मधल्या बोटाएवढी लांब आणि तेवढीच जाड, डोकं काळपट, जबडा अजून हलत होता. आईला हाक मारून दाखवली. शेजारच्या काकांनी भिंतीवरून बघितलं आणि म्हणाले, "एवढी? म्हणजे जूनचीच." मग छिद्रात पेट्रोलमध्ये बुडवलेला कापूस काडीने आत सारला आणि चिखल-शेणाने लिंपून टाकलं. (आधी लोक यात डायक्लोरव्हॉस हे कीटकनाशक सोडायचे, पण ते ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, कुणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती वापरू नका. आणि पेट्रोलचं काम करताना विडी-सिगारेट जवळपास नको.)

वरच्या छिद्रातला मात्र मिळाला नाही. स्पोक चार बोटं जातो आणि पुढे वळण आहे. जाड तारेने वळण घेता येत नाही, बारीक तार आतच दुमडते.

त्यामुळे ठरवलं होतं की उद्या ती फांदी छिद्राच्या खालून सरळ उडवायची. चारातल्या तीन राहतील, नैऋत्येची आहेच. हे टाइप करायला बसलो तेव्हा हाच प्लॅन होता. पण आत्ता फोटो बघता बघता दिसलं की वाळलेले तीन फुटवे सगळे फांदीच्या वरच्या अंगाचे आहेत, खालच्या अंगाचे दोन अजून ताठ आहेत, कोवळी पालवी पण आहे त्यांना. म्हणजे खालून रस चालू आहे. आणि आता कापली तर परत नवी मोठी जखम, परत उघडी साल, परत तेच. नको. फक्त वाळलेले फुटवे मुळाशी काढतो आणि वरच्या छिद्रासाठी स्कूटरच्या क्लचची जुनी केबल आणतो. आतली तार पिळाची असते, वळणात लवते पण दुमडत नाही, टोकाच्या दोन तारा उलगडून त्यांचाच आकडा करता येईल. गॅरेजमध्ये अशा केबल कचऱ्यात पडलेल्या असतात.

अजून एक सुचलं. भुंगेरा साधारण पाच सेंटिमीटरचा, पायांना नखं, मिशा लांब. दाभोळकडे मासेमारीची फाटकी जाळी किलोवर मिळतात. मेअखेरीस पेस्टचा दुसरा हात दिला की खोडाला आणि फांद्यांच्या बुडाला ती दोन-तीन पदरी सैल गुंडाळली तर मादी सालीपर्यंत पोचायच्या आधी अडकेल. कुणी केलंय का असं? जाळीचं भोक किती सेंटिमीटरचं घ्यावं हे सांगा, आणि पावसात जाळीखाली शेवाळ धरलं का तेही.

बाकी बाग पटापट. जास्वंद जानेवारीत गुडघ्याएवढी ठेवली होती, आता छातीला लागते आणि फुलं हाताच्या उंचीवर. कण्हेर तशीच, फक्त ती सगळीच विषारी, तोडलेल्या काड्या जाळू नका. मधुमालतीचं जाळं गच्चीवरून पूर्ण खाली ओढलं, जमिनीपासून दोन फूट ठेवली, जूनमध्ये परत गच्चीवर हजर. ज्यांना भीती वाटते त्यांनी मधुमालतीपासूनच सुरुवात करावी, ती सगळं सहन करते. उलट मोरपंखीला हात लावण्याआधी विचार करा, तिच्या पानं नसलेल्या जुन्या लाकडातून परत फूट येत नाही, आमच्या गल्लीत दोन बंगल्यांच्या फाटकाशी तशी उघडी लाकडं उभी आहेत. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडणार, मग छाटणी.

हापूसच्या पालवीवर जुलैत पानं कातरणारा भुंगा आला होता, कोवळी पानं देठाजवळ कात्रीने आडवी कापल्यासारखी आणि कापलेले तुकडे खाली. त्या तुकड्यांतच अंडी असतात म्हणून रोज सकाळी वेचून जाळले, फवारणी न करता तीन आठवड्यांत आटोक्यात. एवढे चारशे-पाचशे तुकडे वाकून वेचले याचं मला फार बरं वाटतं. विरळणी पण झाली, फांदीला सहा ते आठ बाहेरच्या दिशेचे फुटवे ठेवलेत.

हत्यारांचं, फाल्कनचा सिकेटर (छाटणीची कात्री) बोटाएवढ्या फांदीपर्यंत उत्तम आणि धार घरी लावता येते. फेलको २ महाग वाटतो पण त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, माझा सात वर्षांचा आहे आणि पातं एकदाच बदललं. घडीची जपानी करवत, सिल्की, एकदा वापरली की साधी करवत हातात घ्यावीशी वाटत नाही, ओढताना कापते, फांदी मनगटाएवढी असली तरी काप गुळगुळीत. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून स्वस्तातला लॉपर (लांब दांड्यांची कात्री) मागवला होता, तिसऱ्या फांदीला दांडा वाकला, परत घ्यायला तयार नाहीत. पुढच्या वेळी मोठ्या फांद्या चेनसॉने नाही, मी स्वतः शिडीवर बसून सिल्कीने कापणार, एका फांदीला एक सकाळ गेली तरी चालेल.

हे लिहून संपवता संपवता बॅटरी घेऊन बघून आलो. खालच्या छिद्राचं लिंपण कोरडं, तडा नाही. वरच्याच्या खाली चादरीवर चिमूटभर ताजी तुसं. गॅरेज सकाळी नऊला उघडतं.